कूपनच्या बदल्यात पाच तारे: एका टेबल-लॅम्पच्या रिव्ह्यूंचं प्रकरण

ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. घटनांचा क्रम आणि निर्णय मात्र जसे झाले तसेच ठेवलेत, माझा चुकलेला निर्णय धरून.

पार्श्वभूमी

कंपनी छोटी, माणसं विसाच्या आत. चार्जिंगवर चालणारे टेबल-लॅम्प बनवून घ्यायचे आणि दोन ठिकाणी विकायचे: स्वतःच्या वेबसाइटवर आणि एका मोठ्या मार्केटप्लेसवर. निर्णय घेणारी माणसं तीन. कंपनी सुरू करणाऱ्या मॅडम, मार्केटिंग बघणारे गृहस्थ आणि कस्टमर केअर सांभाळणारी एक तरुण मुलगी. माझं काम बाहेरून सल्ला देण्याचं. तक्रारींच्या नोंदी नीट लावायच्या आणि महिन्यातून दोनदा बसून त्यातून काय दिसतंय ते सांगायचं. रिव्ह्यू हा विषय माझ्याकडे नव्हता. तो मार्केटिंगचा. आणि घोळ नेमका या वाटणीतच होता, पण ते पुढे येईल.

नवं मॉडेल बाजारात आलं तेव्हा अडचण नेहमीचीच होती. रिव्ह्यू नाहीत म्हणून कोणी घेत नाही, आणि कोणी घेत नाही म्हणून रिव्ह्यू येत नाहीत. मार्केटप्लेसच्या यादीत लॅम्प कुठे तरी पाचव्या-सहाव्या पानावर. शेजारच्या स्पर्धकाकडे हजारांनी रिव्ह्यू. मार्केटिंगवाल्यांच्या प्रत्येक सादरीकरणात एक आकडा असायचा: एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं. आकडा खरा आहे. तेव्हा हार्वर्डमध्ये असलेल्या मायकेल लुका यांनी येल्प या रिव्ह्यूंच्या वेबसाइटवरच्या रेटिंगचा अभ्यास करून तो काढलाय. पण तो सिएटलमधल्या रेस्टॉरंटांचा आहे, आणि त्यातही परिणाम दिसला तो स्वतंत्र रेस्टॉरंटांवर, साखळीतल्यांवर नाही. लॅम्पला तो जसाच्या तसा लावता येत नाही. हे मी एकदा म्हणाले, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुढच्या मीटिंगला आकडा पुन्हा पडद्यावर होता.

पहिले अकरा रिव्ह्यू कुठून आले हे कोणी विचारलंच नाही. विचारण्यासारखं काही आहे असंही कोणाला वाटलं नाही. नऊ घरच्यांचे होते: कर्मचाऱ्यांचे भाऊ, वहिन्या, एकाचे सासरे. मॅडमच्या जाऊबाईंचा रिव्ह्यू सगळ्यांत सुंदर होता. 'रात्री वाचताना डोळ्यांना त्रास होत नाही, शेड थोडी आणखी खाली वाकली असती तर बरं झालं असतं' असं त्यात होतं. म्हणजे चक्क एक उणीवही होती. तो वाचून मलाही लॅम्प घ्यावासा वाटला असता.

कार्ड

मग डब्यात कार्ड आलं. पोस्टकार्डाएवढं, पिवळ्या रंगाचं. त्यावर असं होतं:

'लॅम्प आवडला? पाच तारे देऊन आमचा उत्साह वाढवा! रिव्ह्यूचा स्क्रीनशॉट खालील नंबरवर पाठवा आणि पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन मिळवा.' आणि तळाशी बारीक अक्षरात: 'स्क्रीनशॉट डिलिव्हरीपासून सात दिवसांत पाठवावा.'

कार्ड दाखवलं की सगळ्यांची नजर 'पाच' या शब्दावर जाते. त्यात चूक काही नाही. अट उघड आहे: चांगलं बोला, बक्षीस घ्या. दुसरी गोष्ट स्क्रीनशॉट. त्यामुळे कोणी किती तारे दिले हे कंपनीला माणसागणिक कळतं, आणि लिहिणाऱ्यालाही माहीत असतं की ते कळणार आहे. पण या प्रकरणात सगळ्यांत जास्त नुकसान केलं ते तळाच्या बारीक अक्षरांनी. सात दिवस. ते का घातलं असं मी नंतर विचारलं. उत्तर मिळालं की कूपनं उघडी राहिली तर हिशोब लांबतो. म्हणजे त्यात हेतू काहीच नव्हता, अकाउंट्सची सोय होती.

रिव्ह्यू धो-धो आले. दोन महिन्यांत लॅम्प पहिल्या पानावर. वेबसाइटवर सरासरी ४.७. मार्केटिंगवाल्यांचा तिमाही बोनस रिव्ह्यूंच्या संख्येवर होता, तो त्यांना मिळाला. मेहनतीचा होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

अडचण कुठून कळली

एका दुपारी कस्टमर केअरच्या मुलीनं मला एक मेसेज पुढे पाठवला. ग्राहकानं कार्डवरच्याच नंबरवर पाठवलेला होता, कारण त्याच्याकडे तोच नंबर होता:

'मी तीन तारे देणार होतो. कार्ड वाचून पाच दिले, कूपनही घेतलं. आता अडीच महिन्यांत लॅम्प पाऊण तासात विझतो. ऑफिसमधल्या दोघांनी माझा रिव्ह्यू बघून घेतलाय. त्यांना मी काय सांगू?'

त्याखाली त्या मुलीनं लिहिलं होतं: 'ताई, अशाला काय उत्तर देऊ? साच्यात बसणारं उत्तर नाहीये.'

मी तक्रारींची वही उघडली. म्हणजे एक्सेलची फाइल, पण आम्ही वहीच म्हणायचो. 'बॅटरी टिकत नाही' अशा चाळीसेक नोंदी होत्या, जवळजवळ सगळ्या दोन महिन्यांच्या पुढच्या. मग दोन्ही ठिकाणचे रिव्ह्यू वाचायला बसले. शेकडो रिव्ह्यूंमध्ये बॅटरी टिकत नसल्याचा उल्लेख तीन ठिकाणी. उलट 'बॅटरी झकास' असं म्हणणारे पैशाला पासरी. ते खोटं बोलत नव्हते. लॅम्प घरी येऊन त्यांना चार दिवस झाले होते आणि चार दिवस बॅटरी खरंच झकास होती.

दोष काय होता ते थोडक्यात सांगते. लिथियम-आयन सेल पूर्ण भरलेल्या अवस्थेत आणि शिवाय उबेत सतत राहिला की त्याची क्षमता लवकर घटते. बरेच ग्राहक लॅम्प कायम प्लगला लावून वापरत होते. चार्जिंगचं सर्किट प्रवाह नीट तोडत नव्हतं आणि सेल एलईडीच्या अगदी मागे बसवलेला. हा दोष पहिल्या आठवड्यात कुठल्याही परीक्षकाला दिसला नसता. तिसऱ्या महिन्यात कोणालाही दिसला असता. आणि आम्ही मत विचारत होतो ते पहिल्या आठवड्यात.

ग्राहकांची दिशाभूल झाली ही एक बाजू. कंपनीला दोष तीन महिने उशिरा कळला ही दुसरी. सर्किट बनवून देणाऱ्याला पुढच्या खेपेची ऑर्डर याच तीन महिन्यांत गेली होती, आणि ती देताना मॅडमनी '४.७ आहे, बदल नको' असं ईमेलमध्ये लिहिलं होतं. इतरांना दाखवायला सजवलेला आकडा आपणच खरा मानून बसलो होतो.

शोधता शोधता आणखी एक गोष्ट सापडली. कस्टमर केअरला फोन आला की शेवटी एक प्रश्न विचारायचा असा नियम होता: 'आपण समाधानी आहात का?' हो म्हटलं तर रिव्ह्यूची लिंक जायची. नाही म्हटलं तर तक्रारीचा फॉर्म. दोन्ही गोष्टी सुट्या बघितल्या तर सौजन्याच्याच वाटतात. एकत्र बघितल्या तर ती चाळण आहे: खूश माणूस जगासमोर बोलणार, नाराज माणूस आमच्या कानात. गूगलच्या रिव्ह्यूंच्या धोरणात याला स्पष्ट मनाई आहे. आमच्याकडे तर चाळण आणखी पक्की होती, कारण लिंक पाठवण्याचं बटण 'हो' दाबल्याशिवाय उघडतच नसे.

त्याच महिन्यात मार्केटप्लेसची नोटीस आली. कोणीतरी कार्डाचा फोटो त्यांना पाठवला होता. काही रिव्ह्यू काढून टाकले होते आणि दहा दिवसांत खुलासा मागितला होता.

मॅडमचा मुद्दा

यावरची पहिली मीटिंग तापली. मॅडमचं म्हणणं इथे नीट मांडायला हवं, कारण ते हलकं नव्हतं.

"आपण खोटं कुठे लिहून घेतलं? ग्राहक खरा, खरेदी खरी, शब्द त्याचे. माणूस पाच मिनिटं काढून लिहितो, त्याला काही दिलं तर बिघडलं कुठे? आणि नाही दिलं तर लिहितं कोण? एक तर डोक्यात राख घातलेला, नाही तर फारच भारावलेला. मधला माणूस लिहीतच नाही. मग ते रेटिंग तरी खरं कसं?"

शेवटचा मुद्दा बिनतोड आहे. आपणहून येणाऱ्या रिव्ह्यूंचा आलेख काढला तर दोन टोकांना गर्दी आणि मध्ये ओसाड, हे अनेक बाजारांत दिसलंय. मोबदला दिला की हा मधला, 'ठीक आहे' म्हणणारा माणूस बोलता होतो. हा फायदा खरा आहे, आणि मोबदल्याच्या रिव्ह्यूंवर सरसकट तोंडसुख घेणारे तो विसरतात.

माझं उत्तर दोन भागांत होतं. एक: आपण मधल्या माणसाला बोलतं केलं नाही, त्याला पाचावर नेऊन बसवलं. तीन तारे देणार होतो म्हणणारा माणूस हाच तो मधला माणूस. दोन: 'पाच' हा शब्द काढून 'प्रामाणिक मत द्या' असं लिहिलं तरी घेतल्याचं ओझं उरतंच. ज्यानं काही दिलंय त्याच्या तोंडावर वाईट बोलायला माणूस कचरतो, आणि इथे तर स्क्रीनशॉट त्याच्याच हातात द्यायचाय. त्यातही फरक करता येतो. बक्षीस लिहिण्याआधी की नंतर, ते देणाऱ्याला तारे दिसतात की नाही, आणि वाचणाऱ्याला बक्षिसाचं कळतं की नाही. हे तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं. माझ्या मते मोबदला हा मुळात गुन्हा नाही, लपवलेला मोबदला आहे.

मार्केटिंगवाले मीटिंगला स्पर्धकाचा डबा घेऊन आले होते. त्यातही कार्ड होतं, आमच्यापेक्षा गुळगुळीत कागदाचं. "आपण एकटेच सोवळे झालो तर?" त्यांचा प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे त्याचं गोड उत्तर नव्हतं.

नियम काय सांगतात

हा भाग आम्ही कार्ड छापण्याआधी वाचायला हवा होता.

मार्केटप्लेसचे स्वतःचे नियम बहुतेक वेळा कायद्यापेक्षा कडक असतात. अ‍ॅमेझॉननं ऑक्टोबर २०१६ मध्ये मोफत किंवा सवलतीच्या वस्तूच्या बदल्यात लिहिलेले रिव्ह्यू बंद केले, अपवाद त्यांच्या स्वतःच्या 'वाइन' कार्यक्रमाचा. त्यात वस्तू कोणाला जाणार हे विक्रेता ठरवत नाही आणि रिव्ह्यूवर तशी खूण असते. गूगलला पैसे, सवलत, मोफत वस्तू यांपैकी कशाच्याही बदल्यात आलेला रिव्ह्यू चालत नाही, मग तो चांगला असो की वाईट.

कायद्याची रेघ थोडी वेगळी आहे. अमेरिकेत ग्राहकांचं हित बघणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेचा रिव्ह्यूंबद्दलचा नियम २१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. विशिष्ट सूर लावण्याच्या अटीवर मोबदला देणं त्यात निषिद्ध आहे, अट उघड असो की सूचित. 'आवडला? मग कूपन घ्या' ही सूचित अटच झाली. अटीशिवायच्या मोबदल्यावर बंदी नाही, पण तो जाहीर करण्याची अपेक्षा आहे. कंपनीतल्या लोकांनी आपलं नातं न सांगता रिव्ह्यू लिहिणं आणि नातेवाइकांकडून तसे लिहून घेणं यांवरही त्या नियमात कलमं आहेत. ब्रिटनच्या २०२४ च्या कायद्यानं खोटे रिव्ह्यू आणि मोबदला लपवलेले रिव्ह्यू एकाच पंक्तीत बसवले. त्या तरतुदी एप्रिल २०२५ पासून अमलात आल्या. युरोपीय संघात मे २०२२ पासून विक्रेत्याला सांगावं लागतं की रिव्ह्यू खऱ्या ग्राहकांचेच आहेत याची खात्री तो करतो का, आणि कशी. भारतात भारतीय मानक ब्यूरोनं नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणलं, तेव्हा ऐच्छिक म्हणून. रिव्ह्यू गोळा कसे करावेत, तपासावेत कसे, प्रसिद्ध कसे करावेत, सगळं त्यात आहे.

चाळणीबद्दलचं एक उदाहरण मी मॅडमना दाखवलं, ते त्यांना लागलं. फॅशन नोव्हा या कपडे विकणाऱ्या कंपनीवर आरोप होता की तिच्या वेबसाइटवर चार आणि पाच ताऱ्यांचे रिव्ह्यू आपोआप प्रसिद्ध व्हायचे आणि त्याखालचे अडकून राहायचे. २०२२ मध्ये ते प्रकरण ४२ लाख डॉलरवर मिटलं. तिथे कोणी रिव्ह्यू विकत घेतल्याचा मुद्दाच नव्हता. नकोसं दाबलं, एवढंच.

समोरचे पर्याय

पर्याय चार होते. कार्ड गुपचूप बंद करायचं आणि आलेले रिव्ह्यू तसेच ठेवायचे. कार्डावरची भाषा सौम्य करून कूपन चालू ठेवायचं. मोबदल्याचे सगळे रिव्ह्यू मुळापासून उपटायचे. किंवा मोबदला थांबवायचा, जुन्या रिव्ह्यूंवर खूण करायची आणि मत मागण्याची वेळच बदलायची.

पहिल्याला मार्केटिंगची पसंती होती. दुसरा मार्केटप्लेसच्या नियमात बसतच नव्हता. तिसरा मला सुरुवातीला आवडला, पण कस्टमर केअरच्या मुलीनं एक गोष्ट दाखवली. मोबदला घेऊनही काहींनी मन लावून लिहिलं होतं, शेड कुठे अडते, बटण अंधारात कसं सापडत नाही वगैरे. ते खोडणं म्हणजे त्या लोकांचे शब्द पुसणं. आम्ही चौथा घेतला.

खरी घासाघीस खुलाशावर झाली. मार्केटप्लेसनं विचारलं होतं ते कार्डाबद्दल. तेवढंच कबूल करून गप्प बसता आलं असतं. कूपन कोणाकोणाला गेलं ती यादी आमच्याकडे होती आणि तिच्याबद्दल कोणी विचारलेलं नव्हतं. यादी दिली तर लिस्टिंगच बंद होण्याची भीती. नाही दिली तर ती तारखांसकट आमच्याच संगणकात पुरावा म्हणून पडून राहणार. मॅडमनी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी सकाळी यादी जोडून खुलासा पाठवला आणि मग आम्हाला सांगितलं.

काय केलं

कार्ड थांबवलं. लिंकच्या बटणापुढचा 'समाधानी आहात का' हा प्रश्न काढला, आता लिंक सगळ्यांना जाते. वेबसाइटवरच्या जुन्या रिव्ह्यूंवर 'कूपन देऊन मागवलेला' अशी पट्टी लावली. हे शब्द ठरवायलाही एक तास गेला. आधी 'प्रोत्साहित रिव्ह्यू' सुचलं होतं, ज्याचा अर्थ वाचणाऱ्याला कधीच कळला नसता. घरच्या नऊ जणांना आपापले रिव्ह्यू काढायला सांगितले. दोघांना पासवर्ड आठवेना. जाऊबाई जरा नाराज झाल्या. "मी खोटं एक अक्षर लिहिलं नव्हतं," म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

मत मागायचा ईमेल डिलिव्हरीनंतर साठाव्या दिवशी जाऊ लागला. कूपन नाही, आर्जव नाही. 'लॅम्प आता कसा चालतोय?' एवढा प्रश्न आणि लिंक.

सर्किट बदललं, सेल जागेवरून हलवला, आणि बॅटरीची तक्रार केलेल्यांना लॅम्प बदलून दिला. इथे एक घोळ थोडक्यात टळला. बदलीच्या पत्राचा मसुदा माझ्याकडे आला तेव्हा शेवटची ओळ होती: 'आपलं समाधान झालं असल्यास आपला रिव्ह्यू बदलावा, ही नम्र विनंती.' लिहिणाऱ्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. पण नवा लॅम्प हातात ठेवून तारे बदलायला सांगणं हे त्या पिवळ्या कार्डाचंच धाकटं भावंड. ओळ काढली. बिघडलेली वस्तू बदलून देणं हे ग्राहकाचं येणं आहे, त्याच्या बदल्यात काही मागायचं नसतं.

बोनस बदलायला सगळ्यांत जास्त दिवस लागले. रिव्ह्यूंच्या संख्येऐवजी आता परत येणाऱ्या मालाचं प्रमाण आणि साठाव्या दिवसाच्या उत्तरांमधून उत्पादनाकडे पोचलेल्या सूचना यांवर तो ठरतो. हे आधी केलं असतं तर कार्ड छापलंच गेलं नसतं असं मला वाटतं. कूपन ग्राहकाला जाण्याच्या कितीतरी आधी आमच्या माणसाच्या पगारात बसलेलं होतं.

काय झालं

मार्केटप्लेसनं यादीतले रिव्ह्यू काढलेच, वर यादीत नसलेलेही काढले. त्यात काही अगदी स्वयंस्फूर्त होते. दाद मागितली, साच्यातलं उत्तर आलं. लिस्टिंग बंद झालं नाही, पण लॅम्प पुन्हा मागच्या पानांवर गेला. पुढचे चार महिने विक्री इतकी पडली की एका गोदामाचा करार सोडावा लागला. मॅडमनी या काळात मला एकदाही 'तुमच्यामुळे' असं म्हटलं नाही. मार्केटिंगवाल्यांनी एकदा म्हटलं.

'मार्केटिंग सायन्स' या नियतकालिकात २०२२ मध्ये एक अभ्यास आला होता, फेसबुक गटांमधून रिव्ह्यू विकत घेणाऱ्या विक्रेत्यांबद्दल. खरेदी चालू असेपर्यंत रेटिंग आणि विक्री चढते, थांबली की रेटिंग घसरतं आणि एक ताऱ्याचे रिव्ह्यू वाढतात, असं त्यात दिसलं. आमचं प्रकरण तितकं काळं नव्हतं, पण आलेखाचा आकार तोच निघाला. फुगवलेल्या अपेक्षेनं घेणारा माणूस नुसत्या बऱ्या वस्तूवरही चिडतो.

साठाव्या दिवशीच्या ईमेलला उत्तरं कमी आली, पूर्वीच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी. पण ती वाचताना फरक जाणवतो. 'मस्त प्रॉडक्ट, फास्ट डिलिव्हरी' जवळजवळ नाहीसं झालं. त्याऐवजी 'मुलगी उशाशी ठेवते, मान दोन महिन्यांत सैल झाली' असं येतं. मानेचा स्क्रू आम्ही त्यावरून बदलला. वहीत ती तक्रार तोवर नव्हतीच, कारण सैल मानेसाठी कोणी कस्टमर केअरला फोन करत नाही.

ज्याच्या मेसेजवरून हे सुरू झालं त्या ग्राहकाला लॅम्प बदलून दिला. त्यानं आपला रिव्ह्यू स्वतःच बदलून तीन तारे केले आणि त्यात कार्डाची हकीकत लिहिली. ती वेबसाइटवर आहे, कंपनीच्या उत्तरासकट. उत्तर मॅडमनी स्वतः लिहिलं, दोन ओळींचं: कार्ड आमचं होतं, बंद केलंय.

आज करायचं तर

माझी चूक आधी. पट्टी लावलेले जुने रिव्ह्यू मी सरासरीत राहू दिले. माझा तर्क असा होता की खूण दिसतेय, वाचणारा ठरवेल. पण पानावर सगळ्यांत आधी दिसतो तो आकडा, आणि आकड्यावर पट्टी नसते. खाली जाऊन पट्टी वाचणारे थोडे. सरासरी ४.४ दिसत होती. जुने वगळले तर ३.८ होती. हे दुरुस्त करायला आम्हाला चार महिने लागले, आणि ते चार महिने माझ्या खात्यावर.

दुसरं, मोबदला पूर्ण बंद करणं ही एकच वाट नव्हती. स्वतःच्या वेबसाइटवर उत्तर देणाऱ्या प्रत्येकाला, तारे न बघता, साठ दिवसांनंतर आणि पट्टीसकट काही द्यायला हरकत नव्हती. मधला माणूस त्यानं पुन्हा बोलता झाला असता. मॅडमनी दुधानं तोंड पोळल्यासारखं तेही नको म्हटलं. मी अजून सुचवत असते.

तिसरं, रिव्ह्यू आणि तक्रारींची वही एकाच माणसानं, एकाच टेबलावर, पहिल्या दिवसापासून वाचायला हवी होती. चाळीस आणि तीन हे आकडे शेजारी शेजारी ठेवायला मला अर्धी दुपार लागली. त्याआधी ते तीन महिने दोन वेगळ्या फोल्डरांत पडून होते.

आणि एक गोष्ट गेल्या मीटिंगला लक्षात आली. साठाव्या दिवशीचा ईमेल ज्यांची ऑर्डर 'पूर्ण' आहे त्यांनाच जातो. ज्यांनी लॅम्प परत केला त्यांची ऑर्डर सिस्टिममध्ये 'रद्द' होते, त्यांना कोणी काही विचारत नाही. म्हणजे सध्याचं ४.२ हे ज्यांनी लॅम्प ठेवला त्यांचंच आहे. कस्टमर केअरच्या मुलीनं हे सांगितलं तेव्हा मार्केटिंगवाले म्हणाले, "त्यांना आता कशाला उकरायचं?" मॅडमनी वेबसाइट सांभाळणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, बदल करता येईल, पण रद्द ऑर्डरींचे ईमेल पत्ते नव्वद दिवसांनी पुसले जातात. आधीचे गेले ते गेले. पुढच्यांना विचारणं या महिन्यात सुरू होईल.